मानेवरची गाठ आणि वेगळी थाळी

१९८६ साली रमजान ईद जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती. तुमसर तालुक्यातल्या नानीच्या गावी आम्ही सगळे जमलो होतो. पाऊस अजून लागायचा होता, पण धानाचे पऱ्हे टाकण्यासाठी बांध्या तयार करून ठेवलेल्या होत्या. नमाजला निघण्याआधी मुमानी माझ्या मामेभावाला नवा कुर्ता घालत होती आणि गळ्याचं बटण काही केल्या लागेना. तो नऊ वर्षांचा, मी तेराचा. शिंप्यानं माप चुकवलं म्हणून मुमानी आधी चिडली. मग तिचा हात त्याच्या मानेच्या डाव्या बाजूला लागला आणि ती एकदम गप्प झाली. कानाच्या खाली, जबड्याच्या मागे, बोराएवढी एक गाठ होती. तिच्या खाली आणखी दोन लहान. दाबलं तरी त्याला दुखत नव्हतं. त्याला फक्त ईदगाहला जायची घाई होती.

त्या दिवशी आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात त्या गाठीला तीन नावं मिळाली. नानी म्हणाली, कंठमाळ. गावातल्या इतर आजीबाईही तेच म्हणाल्या. मामूंनी मग त्याला तुमसरच्या बाजारातल्या एका वयोवृद्ध हकीमसाहेबांकडे नेलं. त्यांनी मान चाचपली आणि शांतपणे म्हणाले, "ख़नाज़ीर." नानीला अरबी येत नव्हतं, पण एवढा शब्द तिला कळला. ईदच्या महिन्यात डुकराचं नाव घेतलं म्हणून तिनं तौबा तौबा करत दोन्ही कानांना हात लावले. तिसरं नाव एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलं: टीबीच्या गाठी. रोज एक सुई आणि मूठभर गोळ्या सुरू झाल्या.

तिन्ही नावं चूक होती. पण ती का चुकली, हा नुसता आमच्या घरातला किस्सा नाही. वैद्यकशास्त्राला ही चूक दुरुस्त करायला कित्येक शतकं लागली, आणि त्या दुरुस्तीत आमच्या घरातल्या एका वेगळ्या थाळीचंही उत्तर दडलेलं होतं. ते मला फार उशिरा कळलं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी नावांचं पाहू. मानेवर माळेसारख्या गाठी येतात म्हणून कंठमाळ किंवा गंडमाळ. आयुर्वेदाच्या ग्रंथांत गंडमाला आणि अपची असे शब्द आहेत. हकीमसाहेबांच्या शब्दाचा प्रवास आणखी लांबचा आहे. ग्रीक वैद्य या गाठींना जो शब्द वापरत, तो त्यांच्या भाषेतल्या डुकराच्या नावावरून आलेला होता. बगदादच्या काळात ग्रीक वैद्यक अरबीत आलं तेव्हा त्याचा 'ख़नाज़ीर' झाला. हे 'ख़िंज़ीर'चं अनेकवचन. लॅटिनमध्ये त्याच कल्पनेतून डुकरिणीच्या नावावरून 'स्क्रोफ्युला' हा शब्द तयार झाला आणि तो युरोपभर पसरला. म्हणजे तुमसरच्या बाजारातले हकीम आणि लंडनचा डॉक्टर एकाच ग्रीक शब्दाचे दोन तर्जुमे वापरत होते. नानीची तौबा त्या दोघांनाही लागू होती.

इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये आणि कुर्तुबाच्या अबुल कासिम अल-ज़हरावीच्या 'अल-तसरीफ'मध्ये या गाठींची चर्चा आहे. अल-ज़हरावी १०१३ च्या सुमारास वारला. 'तसरीफ'चा शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेचा आहे. मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनीला आणि नसेला धक्का लागू देऊ नका, असं तो बजावतो. त्याची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाढलेला कॅन्सर आपण कधी बरा केला नाही आणि दुसऱ्या कुणी बरा केलेलाही पाहिला नाही, असं तो सरळ कबूल करून टाकतो. आपल्याकडे मुस्लीम शास्त्रज्ञांची थोरवी सांगताना त्यांनी काय काय शोधलं याची यादी दिली जाते. त्यांनी काय कबूल केलं, हेही त्या यादीत असायला हवं.

युरोपात तर या गाठींवर राजाचा हात फिरवला की त्या बऱ्या होतात, अशी समजूत होती. इंग्लंडमध्ये या रोगाचं नावच 'राजाचा रोग' पडलं होतं. पुढे इंग्रजीचा मोठा कोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युअल जॉन्सनला लहानपणी, १७१२ साली, अशाच गाठींसाठी राणी ॲनच्या समोर नेण्यात आलं होतं. राणीनं हात लावला, गळ्यात घालायला एक नाणं दिलं. गाठी काही गेल्या नाहीत. आपल्या दर्ग्यांवर हसणाऱ्यांनी हा इतिहासही वाचावा, आणि दर्ग्यावरच थांबणाऱ्यांनीही वाचावा.

१८८२ साली रॉबर्ट कॉखनं टीबीचा जंतू दाखवला आणि मानेवरच्या बहुतेक गाठींचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. त्यातल्या पुष्कळशा खरोखरच टीबीच्या होत्या. आपल्या देशात आजही आहेत. पण सगळ्या नव्हत्या. हे ओळखणारा माणूस कॉखच्या पन्नास वर्षं आधी होऊन गेला होता.

त्याचं नाव टॉमस हॉजकिन. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये तो मृतदेहांची तपासणी करायचा. १८३२ साली त्यानं सात रुग्णांची हकीकत लिहिली. या सगळ्यांच्या लसिका ग्रंथी आणि पानथरी वाढलेली होती, आणि हा प्रकार नेहमीच्या गंडमाळेपेक्षा वेगळा असावा, असं त्याचं म्हणणं होतं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. हॉजकिन क्वेकर पंथाचा, हट्टी माणूस. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना व्यापारी कंपनी कशी नागवते यावर तो उघड बोलायचा, आणि रुग्णालयाचा खजिनदार त्याच कंपनीशी बांधलेला होता. १८३७ साली त्याला हवी असलेली डॉक्टरची जागा मिळाली नाही, त्यानं रुग्णालय सोडलं. पुढे मोझेस माँटिफिओरी या ज्यू मित्रासोबत तो पॅलेस्टाइनच्या प्रवासाला गेला आणि १८६६ साली याफा इथं हगवणीनं वारला. त्याची कबर तिथंच आहे. मरण्याच्या एक वर्ष आधी सॅम्युअल विल्क्स या डॉक्टरनं त्या आजाराला 'हॉजकिनचा रोग' हे नाव दिलं होतं.

या रोगाला टीबीपासून वेगळं करणं भल्याभल्यांना जमलं नाही. व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गनं १८९८ साली सूक्ष्मदर्शकाखाली या गाठींतल्या विचित्र, मोठ्या, दोन-दोन केंद्रकं असलेल्या पेशींचं वर्णन केलं. पण त्याचा निष्कर्ष होता की हा टीबीचाच एक निराळा प्रकार आहे. चार वर्षांनी, १९०२ साली, जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टर बाईनं त्याच पेशींचं नेमकं वर्णन केलं. तिनं रुग्णांच्या गाठींचा अंश प्राण्यांना टोचून पाहिला. टीबी झाला नाही. हा टीबी नव्हे, असं तिनं ठामपणे लिहिलं. आज त्या पेशींना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात.

हे वाचल्यावर आमच्या त्या डॉक्टरांवरचा माझा राग पुष्कळ कमी झाला. हॉजकिनमध्येही ताप येऊन-जाऊन राहतो, रात्री घाम फुटतो, वजन उतरतं. टीबीतही हेच होतं. व्हिएन्नाचा स्टर्नबर्ग सूक्ष्मदर्शक हातात असून फसला, तिथं डॉक्टरांनी नुसत्या बोटांनी काय ओळखावं? पूर्ण मात्र गेला नाही राग, कारण सहा महिने सुया देऊनही गाठी वाढत होत्या आणि तरी कुणी त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला नाही.

या सहा महिन्यांत आमच्या घरात थाळी वेगळी झाली.

ज्यांनी मुसलमान घरातलं जेवण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नानीच्या घरी दस्तरखान पसरला की मुलांसाठी एकच मोठी थाळी यायची. भात, त्यावर सालन, आणि चहूबाजूंनी आमचे हात. कुणाचा घास मोठा, कुणी बोटी पळवली यावरून भांडणं. टीबीचं नाव निघाल्यावर मामेभावाला ॲल्युमिनियमची एक लहान थाळी मिळाली, एक पेला मिळाला, आणि त्याची जागा दस्तरखानच्या टोकाला गेली. मला अब्बांनी बाजूला घेऊन सांगितलं, त्याच्या ताटातलं खायचं नाही. मी ऐकलं. तो एकदा त्याच्या थाळीतली बोटी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तू घे, मला भूक नाही." मी हात मागे घेतला. त्यानं ते पाहिलं. त्यानंतर त्यानं मला कधी काही देऊ केलं नाही.

१९८७ च्या जानेवारीत मामू त्याला नागपूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी एक अख्खी गाठ काढून तपासली. आठ दिवसांनी कागद आला: हॉजकिन लिम्फोमा. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मामूंनी दीड एकर बांध्या विकल्या आणि मुंबई गाठली. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार, राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. मामू सांगायचे की तिथं वऱ्हाडातले, कोकणातले, बिहारचे, सगळ्या जातीधर्मांचे लोक एकाच रांगेत झोपायचे आणि प्रत्येकाच्या उशाशी फाइल असायची.

केमोथेरपीचे डोस घेत मामेभाऊ वर्षभर मुंबई-तुमसर करत राहिला. केस गेले, परत आले. गाठी विरघळल्या. पण थाळी तशीच राहिली. टीबी नव्हता हे कळलं होतं, तरी आता गावात प्रश्न फिरत होता: कॅन्सर लागतो का? कुणी म्हणायचं लागतो, कुणी म्हणायचं लागत नाही. नानीनं मध्यम मार्ग काढला: सावध राहिलेलं बरं.

नानीला मी दोष देत नाही. भांडी वेगळी करण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. चौदाव्या शतकात गरनाताचा वजीर आणि वैद्य इब्न अल-ख़तीब यानं प्लेगवर एक पुस्तिका लिहिली. रोग्याचे कपडे, भांडी, इतकंच काय कानातल्या वाळ्या वापरणारेही आजारी पडतात आणि जे दूर राहतात ते वाचतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो, मग लागण नाही असं कसं म्हणायचं, असा त्याचा युक्तिवाद होता. त्या काळच्या धर्मपंडितांना तो सगळ्यांना पटला असं नाही. पण त्याची पद्धत बरोबर होती: आधी पाहा, मग बोला. अडचण एवढीच की प्रत्येक रोगाची वाट वेगळी असते, आणि ती वाट पाहायला कधी कधी डोळे पुरत नाहीत.

हॉजकिनची वाट कुठून जाते हे कळायला आधी आफ्रिकेत जावं लागतं.

१९५७ साली युगांडातल्या कंपाला शहरात, मुलागो रुग्णालयात, डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जनला एका सहकाऱ्यानं पाच वर्षांचा मुलगा दाखवला. त्याचा जबडा चारही बाजूंनी सुजलेला होता. काही आठवड्यांनी जिंजा गावच्या रुग्णालयात बर्किटला खिडकीबाहेर आईजवळ बसलेली एक मुलगी दिसली, तिचंही तोंड तसंच. दोन वेगळ्या गावांतल्या दोन मुलांचे सारखेच चेहरे पाहून त्यानं जुन्या नोंदी काढल्या आणि १९५८ साली या रोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा जबड्यातला आणि पोटातला लिम्फोमा होता. आज त्याला बर्किट लिम्फोमा म्हणतात.

बर्किटचा एक डोळा लहानपणीच गेलेला होता. उरलेल्या डोळ्यानं त्यानं नकाशा पाहिला. १९६१ साली दोन मित्रांना घेऊन, एका जुन्या फोर्ड गाडीतून त्यानं पूर्व आणि मध्य आफ्रिकेत सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला आणि रुग्णालया-रुग्णालयात विचारत गेला: असं मूल तुमच्याकडे येतं का? उत्तरांतून नकाशावर एक पट्टा तयार झाला. जिथं उष्णता आणि पाऊस जास्त तिथं रोग. उंच थंड प्रदेशात नाही. हा मलेरियाच्या नकाशासारखाच पट्टा होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये बर्किटनं लंडनमध्ये एक व्याख्यान दिलं होतं. ऐकायला आलेल्यांत अँथनी एपस्टाइन हा विषाणूंचा अभ्यासक होता. हवामानाशी जोडलेला कॅन्सर म्हणजे त्यामागे एखादा जंतू असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. मग युगांडातून मुलांच्या गाठींचे तुकडे विमानानं लंडनला येऊ लागले. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. ५ डिसेंबर १९६३ ला धुक्यामुळे विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. तुकडा उशिरा पोचला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं होतं. सडलं म्हणून ते फेकून देता आलं असतं. एपस्टाइननं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी पाण्यात तरंगत होत्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या, आणि १९६४ च्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांच्यात एक विषाणू दिसला. मार्च १९६४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तीन नावांनी शोधनिबंध आला: एपस्टाइन, अकाँग, बार. बर्ट अकाँग त्रिनिदादचा होता, इव्होन बार आयर्लंडची. विषाणूच्या नावात अकाँगला जागा मिळाली नाही. आज जग त्याला एपस्टाइन-बार विषाणू म्हणतं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आमच्या थाळीचं उत्तर तिथं आहे. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्यानं रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, हे पाहण्याची चाचणी तयार केली. त्यांना वाटलं होतं, ती आफ्रिकेतल्या आजारी मुलांत सापडतील. तिथं सापडलीच, पण निरोगी मुलांतही सापडली. अमेरिकेतल्या निरोगी मोठ्या माणसांतही सापडली. जवळजवळ सगळ्यांतच. ज्या थोड्यांत नव्हती त्यांपैकी एक होती हेन्लेंच्याच प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ तरुणी. १९६७ साली ती आजारी पडली: ताप, घसा, मानेवर गाठी. पाश्चात्त्य देशांत तरुणांना होणारा हा नेहमीचा ग्रंथिज्वर. बरी होऊन आल्यावर तिच्या रक्तात ती प्रतिपिंडं दिसली. म्हणजे हा विषाणू कॅन्सरचा असा खास नव्हताच. तो सगळीकडे होता.

आज आपल्याला माहीत आहे की जगातल्या दर दहा प्रौढ माणसांपैकी नऊहून अधिक जणांच्या शरीरात हा विषाणू मुक्कामाला आहे. तो लाळेतून जातो. आपल्यासारख्या देशांत तो बहुतेकांना अगदी लहानपणी, काहीही न जाणवता येतो, आणि मग रक्तातल्या 'बी' पेशींत जन्मभर झोपून राहतो. आई बाळाचा मुका घेते, आजी आपल्या तोंडात मऊ केलेला घास भरवते. आपल्या घरांत जन्मलेल्या बाळाला तहनीक करतात, खजूर चावून मऊ केलेला कण त्याच्या टाळूला लावतात. मायेच्या या सगळ्या वाटांनी विषाणू येतो आणि त्याचं कुणाला काही वाईट होत नाही. हे वाचून कुणी तहनीकला घाबरू नये. एवढंच पाहावं की ते करणाऱ्याला सर्दी-खोकला, तोंडातले फोड किंवा टीबी नाही.

मग कॅन्सर कसा होतो? आमच्या भागातल्या माणसाला सुपाचं उदाहरण लगेच कळेल. धान सुपात घेऊन पाखडलं की भरलेला दाणा राहतो, पोचट दाणा उडून जातो. लसिका ग्रंथींत 'बी' पेशींचं असंच पाखडणं रात्रंदिवस चालू असतं. ज्या पेशीला जंतूशी लढणारं नीट प्रतिपिंड बनवता येत नाही, ती मरून जाते. एपस्टाइन-बार विषाणू पेशीत असला तर त्याची काही प्रथिनं पेशीला 'तू ठीक आहेस, जग' असा खोटा निरोप देतात. पोचट दाणा सुपातच राहतो. लाखो माणसांत ही चूक शरीराची पहारेकरी यंत्रणा सुधारून घेते. एखाद्याच्या बाबतीत आणखी काही बिघाड जुळून येतात आणि त्या पेशीची गाठ होते. आफ्रिकेत सतत अंगात राहणारा मलेरिया हा असा जोडीदार ठरला. एचआयव्हीनं पहारा ढिला पडला तरी धोका वाढतो. आपल्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातही मलेरिया आहे, पण युगांडासारखा बर्किटचा पट्टा भारतात नाही. इथं तो तुरळक दिसतो. नुसता विषाणू पुरत नाही, नुसता डासही पुरत नाही.

हॉजकिनच्या त्या रीड-स्टर्नबर्ग पेशींत एपस्टाइन-बारचा डीएनए असल्याचं १९८९ साली अमेरिकेत दाखवलं गेलं. माझ्या मामेभावाचे उपचार संपून वर्ष झालं होतं. पुढे मुंबईत टाटा रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टांनी आपल्याकडच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बहुसंख्य गाठींत हा विषाणू होता. अमेरिका-युरोपात हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. विकसनशील देशांतल्या लहान मुलांत ते सगळ्यांत जास्त. टाटाच्या त्याच अभ्यासात दिलासा देणारी गोष्टही होती: ज्यांच्या गाठीत विषाणू होता, त्यांचं उपचारानंतर जगण्याचं प्रमाण उलट चांगलं होतं.

आता थाळीकडे परत येतो. १९८६ साली ज्या मुलाच्या थाळीला आम्ही हात लावत नव्हतो, त्याच्या लाळेतला विषाणू माझ्या लाळेतही जवळपास नक्कीच होता. नानीच्या होता, मुमानीच्या होता, दस्तरखानवर बसलेल्या बहुतेक सगळ्यांच्या होता. आम्ही तो कधीच वाटून घेतला होता, ज्या एका थाळीत आम्ही जेवत होतो त्यातूनही कदाचित. विषाणू लागतो, लिम्फोमा लागत नाही. या दोन वाक्यांतला फरक आम्हाला माहीत नव्हता आणि त्याची किंमत नऊ वर्षांच्या एका मुलानं दस्तरखानच्या टोकाला बसून मोजली. नंतर त्याच्या लग्नाची बोलणी दोनदा मोडली, तीही याच भीतीपायी.

आमच्या जिल्ह्यासाठी आणखी दोन गोष्टी सांगणं मला कर्तव्य वाटतं. डोकं आणि मान यांच्या कॅन्सरचं नाव काढलं की भंडाऱ्यात खर्रा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. टाटा रुग्णालयात १९४१ पासून डॉ. व्ही. आर. खानोलकरांनी तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचा जो मागोवा घेतला, तो आपल्या प्रत्येक पानटपरीवर खरा ठरतो आहे. पण त्यामुळे एक गैरसमजही झाला आहे: खर्रा खात नाही, मग मानेवरची गाठ साधीच असणार. लिम्फोमा खर्ऱ्याची वाट पाहत नाही. लहान मुलालाही होतो.

दुसरी गोष्ट. मानेवर गाठ आली की घाबरायचं कारण नाही. मुलांत घसा, दात, कान, डोक्यातल्या उवा यांमुळेही गाठी येतात आणि जातात. पण तीन आठवड्यांनंतरही ती कमी झाली नाही, दुखत नसूनही वाढत राहिली, रबरासारखी लागली, सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल, तर तपासल्याशिवाय टीबीची औषधं सुरू करू नका आणि सुरू करू देऊ नका. सुईनं काढलेल्या थेंबातून लिम्फोमा दर वेळी ओळखता येत नाही. डॉक्टर अख्खी गाठ काढायची म्हणाले तर नाही म्हणू नका. चिरा दिला की कॅन्सर पसरतो, ही समजूत खोटी आहे. उपचारांसाठी आज बांध्या विकायची वेळ येऊ नये म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात कॅन्सर येतो. आणि हॉजकिन हा आज सगळ्यांत जास्त बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे.

नानीच्या अंगणात सदाफुलीची झुडपं होती. १९५० नंतरच्या काळात शास्त्रज्ञांना सदाफुलीच्या पानांत मधुमेहावरचं औषध शोधताना कॅन्सरवरची दोन औषधं सापडली, व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन. मामेभावाला मुंबईत जे डोस दिले त्यांत व्हिन्क्रिस्टिन होतं. नानी रोज त्या झुडपांना वजूचं पाणी घालायची. तिला हे कधीच कळलं नाही; ती १९९३ साली गेली.

मामेभाऊ आता पन्नाशीच्या आसपास आहे. तुमसरला त्याचा धानाचा व्यापार आहे, दोन मुली आहेत. मानेवर व्रण आहे, तो दाढीत झाकला जातो. हा सगळा इतिहास वाचून झाल्यावर मी गेल्या रमजानमध्ये त्याच्याकडे इफ्तारला गेलो आणि त्याला सांगितलं की तुझ्यातला तो विषाणू माझ्यातही आहे, तेव्हाही होता. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे ती बोटी तू खाल्ली असती तरी चाललं असतं."

त्याला आठवत होती. मी मान हलवली. त्यानं थाळी आमच्या दोघांच्या मधे ओढली.